पंचावन्न सेंटिमीटरचा मुत्या

हुतात्मा बागेत सकाळचं फिरणं झालं की आम्ही सात-आठ जण अर्धा तास बसतो. बहुतेक निवृत्त, फक्त कपडे बेतणारे एक कटिंग मास्तर अजून रोज दुकानात जाणारे. गेला महिनाभर तिथं एकच वाद चाललाय: सोलापूरचं म्हणून ओळखता येईल असं काही गावात उभं करावं की नाही. एका गटाचं म्हणणं, करायलाच हवं आणि ते लांबून दिसेल एवढं उंच हवं. बसवकल्याणला एकशे आठ फुटी बसवण्णा उभे आहेत, गुजरातेत सरदारांचा १८२ मीटरचा पुतळा आहे, मग आपणच काय घोडं मारलंय? दुसऱ्या गटाचं म्हणणं, ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथं पुतळ्याचा विषय काढणंच पाप. "काय बे, गावाचा अभिमान हाय का नाय तुला?" "अभिमान हाय की. पाणी नाय." हा संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की मध्येच कोणी अडलं तर पुढचं वाक्य मी सांगू शकेन.

मला दोन्ही गटांशी भांडायचंय, कारण दोघं एकाच गृहीतावर उभे आहेत. दोघांनाही वाटतं की शहराचं चिन्ह ही बघायची वस्तू असते. एकाला ती बघायला मोठी हवी, दुसऱ्याला बघण्यासाठी एवढा खर्च नको. पण लोकांचा जीव ज्या वस्तूवर जडतो ती नुसती बघून भागत नाही, तिच्यासाठी काहीतरी करावं लागतं. तिला नेसवायचं असतं, न्हाऊ घालायचं असतं, खांद्यावर घ्यायचं असतं, तिला नावं ठेवायची असतात, हरवली तर शोधायचं असतं. जिच्यासाठी लोकांना काहीच करावं लागत नाही, तिच्यासमोर ते फोटो काढतात आणि पार्किंगकडे वळतात. तेव्हा उंची किती आणि खर्च किती हे प्रश्न नंतरचे. आधीचा प्रश्न असा की गावानं त्या वस्तूसाठी करायचं काय? महिनाभरात हा प्रश्न कट्ट्यावर एकदाही निघालेला नाही.

मला तो सुचला ब्रसेल्समध्ये, एका मुतणाऱ्या पोरासमोर. लेक नोकरीसाठी हॉलंडात असते. तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा एक दिवस रेल्वेनं बेल्जियमला जाऊन आलो. ग्रां प्लास नावाचा सोनेरी नक्षीच्या इमारतींचा भव्य चौक आहे. तिथून एका गल्लीनं चार-पाच मिनिटं चाललं की दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर गर्दी लागते. लोखंडी कठड्यामागं दगडी कोनाडा, कोनाड्यात जेमतेम पंचावन्न सेंटिमीटरचं कांस्याचं पोरगं. उघडंनागडं. पोट पुढं काढून मागं रेललेलं, आणि समोर धार. खरं सांगतो, पहिला विचार आला तो 'एवढ्यासाठी तिकीट काढलं?' हाच. शेजारी एक मराठी कुटुंब उभं होतं. ते पुण्याचं असावं, कारण त्यांनी हाच विचार मोठ्यानं बोलून दाखवला. माझी बायको मात्र कठड्याला लागून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्याला थंडी वाजत असेल हो."

आमच्या देवघरात बोटभर उंचीचा पितळी बाळकृष्ण आहे, रांगता, एका हातात लोण्याचा गोळा. तोही उघडाच. गोकुळाष्टमीला ती त्याला साडीच्या जुन्या जरीकाठाचं अंगडं शिवते, डिसेंबरात लोकरीची टोपी विणते. त्यामुळे ते ब्रसेल्सचं पोर तिला परकं वाटलंच नाही. तिच्या मनात जे आलं ते तिथल्या लोकांच्या मनात तीनशे वर्षांपूर्वीच आलेलं होतं. त्या भागाचा सुभेदार असलेल्या बव्हेरियाच्या माक्सिमिलियन इमॅन्युएलनं १६९८ मध्ये या पोराला एक पोशाख दिला, आणि तेव्हापासून ही रीत चालूच आहे. आज त्याचे कपडे हजाराच्या वर गेलेत. ते ठेवायला २०१७ मध्ये त्याच्याजवळच एक वेगळं संग्रहालय काढावं लागलं. राजाचा पोशाख आहे, एल्विस प्रेस्लीचा आहे, निरनिराळ्या देशांचे, धंद्यांचे, पलटणींचे आहेत. त्याच्या मित्रमंडळाची १९५४ पासूनची रीतसर संघटना आहे. काही खास दिवशी पाण्याऐवजी बिअरचं पिंप जोडतात आणि त्या धारेखाली पेले धरून गर्दीला वाटतात.

त्याचं नाव मानेकेन पिस, तिथल्या बोलीत 'मुतणारं पोरगं'. परत आल्यावर कट्ट्यावर फोटो दाखवले, तर पाच मिनिटांत त्याचं 'मुत्या' झालं. आता आमच्याकडच्या कानडीत मुत्या म्हणजे आजोबा. मूर्ती घडवायचं काम जेरोम द्युकेनुआ या शिल्पकाराकडे दिलं ते १६१९ मध्ये, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही अकरा वर्षं आधी. चारशे वर्षांच्या पोराला याहून चपखल नाव मिळणार नाही. उंचीवाल्या गटाला मात्र हे सगळं फार हलकं वाटलं. "त्यांच्याकडं इतिहास नाय म्हणून असलं काहीतरी लागतं," असा निकाल त्यांनी दिला.

इतिहास नाही? १६९५ मध्ये फ्रेंच तोफांनी ब्रसेल्सचा मधला भाग बेचिराख केला, त्यातून हे पोर वाचलं. १७४७ मध्ये पंधराव्या लुईच्या सैनिकांनी ते पळवलं आणि शहर पेटून उठलं. शेवटी ज्याच्या सैन्यानं शहर ताब्यात ठेवलं होतं त्या राजानं या पोराला जरीचा दरबारी पोशाख आणि मानाचं पदक देऊन लोकांची समजूत काढली. १८१७ मध्ये एका सुटलेल्या कैद्यानं चोरून त्याचे तुकडे केले. त्याला जबर शिक्षा झाली आणि पोर पुन्हा उभं राहिलं. १९६५ मध्ये पुन्हा मोडून चोरलं, पुढच्या वर्षी कालव्यात सापडलं. तेव्हापासून मूळ मूर्ती संग्रहालयात आहे आणि कोपऱ्यावर उभी आहे ती नक्कल. हे ऐकून आमच्यातला एकजण विजयी मुद्रेनं म्हणाला, "म्हणजे तुम्ही डुप्लिकेट बघून आलात." पण उत्सवमूर्ती म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला हवं का? मूळ मूर्ती गाभाऱ्यात आणि पालखीत दुसरी, म्हणून पालखीपुढं कोणाचा हात जोडायचा राहिलाय?

चोरी आणि परत येणं, हेही आपल्याला नवं नाही. आपल्याच जिल्ह्यात पंढरपुरात उभी असलेली मूर्ती एकदा विजयनगरला गेली होती आणि भानुदासांनी ती परत आणली, असं परंपरा सांगते. ती मूर्तीही पुरुषभर उंचीची नाही. आषाढीला लाखो माणसं जिच्यासाठी चालत येतात तिचं दर्शन पायावर डोकं ठेवून घ्यायचं असतं. मी विठ्ठलाची आणि त्या पोराची बरोबरी करत नाहीये, तसा अर्थ कोणी काढू नये. एवढंच म्हणतोय की प्रेम करायला उंची लागते ही समजूत निदान या जिल्ह्यात तरी कोणी बाळगू नये.

इथं उंचीवाल्यांचा एक मुद्दा मान्य करतो, कारण तो खरा आहे. मान वर करून बघण्यातही सुख असतं. डोंगर, गोपुरं, किल्ल्यांचे बुरूज आपल्याला आवडतात ते काही त्यांना कपडे शिवता येतात म्हणून नाही. शिवाय 'लहान तेच सुंदर' असा माझा मुद्दाच नाही. श्रवणबेळगोळचे गोमटेश्वर घ्या. एका दगडातली सत्तावन्न फुटांची, हजार वर्षांहून जुनी मूर्ती. तिच्यावर लोकांचं जे आहे त्याला प्रेमच म्हणावं लागेल. पण ते नुसत्या उंचीमुळे टिकलंय का? दर बारा वर्षांनी तिथं परांची बांधतात, माणसं कलश घेऊन वर चढतात आणि दूध, हळद, केशर मस्तकावरून ओततात. सत्तावन्न फूट उंचीवर हात पोचावा अशी सोय त्यांनी करून ठेवली आहे. उंच बांधा की, कोण नको म्हणतंय? पण सोलापूरकराचा हात तिथवर कसा आणि कधी पोचणार, तेही त्याच कागदावर लिहा. लिफ्टचं तिकीट हे त्याचं उत्तर नव्हे.

आणि लोक कशावर जीव लावतील हे उभारणाऱ्याच्या हातात नसतं, हेही लक्षात ठेवायला हवं. मुंबईत इंग्रजांच्या युवराजाचा घोड्यावरचा पुतळा होता. पुढं तोच सातवा एडवर्ड झाला. सगळा थाट राजाचा, देणगी ससूनची, कारागिरी विलायती. मुंबईकरांनी त्यातला राजा बाजूला ठेवला आणि घोडा घेतला. १९६५ मध्ये (योगायोग पाहा, ब्रसेल्सची चोरी त्याच वर्षीची) राजाला घोड्यासकट राणीच्या बागेत हलवलं, तरी जागेचं नाव काळा घोडाच राहिलं. पन्नासेक वर्षं तिथं घोडा नव्हता, नुसतं नाव होतं. २०१७ मध्ये तिथं पुन्हा एक घोडा आला, पण या वेळी त्याच्यावर कोणी बसलेलं नाही. साम्राज्यानं उभारलेल्या पुतळ्यातून लोकांनी त्यांना हवं तेवढं ठेवून घेतलं. आता सांगा, आपण शंभर फुटांचं काही उभारलं आणि गावानं त्यातली फक्त चप्पल लक्षात ठेवली, तर ते अपयश की यश?

आता पाणीवाले. त्यांचा मुद्दा सगळ्यांत जड आहे आणि मी तो टाळणार नाही. उजनीसारखं धरण जिल्ह्यात असताना गावातली बाई पाणी येणार त्या वाराचा हिशेब करून पाहुण्यांना बोलावते, हे मी घरातच बघतो. आमच्याकडे पाण्याच्या दिवशी कोणाचं लग्न निघालं तर आधी टाकी, मग अक्षता. अशा गावात कोणी कारंज्याचं नाव काढलं तर राग येणं स्वाभाविक आहे. पण हे मुतणारं पोर मुळात काय होतं? सार्वजनिक नळ. पंधराव्या शतकाच्या मध्याच्या कागदपत्रांत, म्हणजे ही कांस्याची मूर्ती घडायच्याही आधी, त्याचा उल्लेख सापडतो तो पाण्याच्या वाटपाच्या संदर्भात. त्या गल्लीतले लोक तिथून पाणी भरत. म्हणजे आपल्याकडचा 'आधी पाणी की आधी पुतळा' हा वाद तिथं उद्भवलाच नसता, कारण पाण्याची सोय आणि पुतळा ही एकच वस्तू होती. नळाला तोंड हवंच होतं, कोणीतरी ते गमतीदार केलं. आपल्याकडं बारवांच्या भिंतीत देवळ्या ठेवल्या, गोमुखातून पाणी सोडलं, ते याच बुद्धीनं. पाण्याजवळ माणूस रोज येणार, तर त्याच्या डोळ्यांना काही असावं. ही बुद्धी आपण घालवली आणि तिच्या जागी प्लास्टिकची काळी टाकी आणली.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती मीच कट्ट्यावर सांगितली, त्याचा मला आता थोडा पश्चात्ताप होतोय. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका तंत्रज्ञानं या पोराच्या नळाला मीटर बसवला तेव्हा कळलं की पिण्याचं चांगलं पाणी दिवसाला हजार लिटरहून जास्त थेट गटारात जातंय. सगळ्यांचा समज होता की तेच पाणी फिरवून वापरलं जातं. मग दुरुस्ती झाली आणि आता खरोखरच तेच पाणी फिरतं. पाणीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या: "बघा! लाडका झाला म्हणून त्याचं मुतणं कोणी मोजलंच नाय." बरोबर आहे. लाडक्याचे हिशेब कोणी तपासत नाही. मात्र हेही बघा की मीटर बसल्याबरोबर त्या फार तर शंभरेक बादल्यांच्या पाण्याची बातमी जगभर गेली आणि नळ दुरुस्त झाला. कुठल्यातरी गल्लीतल्या निनावी गळतीची बातमी किती वर्षं होत नाही, हे मला पाणीवाल्यांना सांगायला नको. आमच्या कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह गळतोय तो काही कोणाचा लाडका नाही.

यापेक्षा अवघड मुद्दा कट्ट्यावरच्या एका शिक्षकांनी मांडला, आणि त्यावर मी दोन दिवस गप्प होतो. ते म्हणाले, तुमच्या त्या देशात पुतळा म्हणजे गंमत असेल, आपल्याकडं पुतळा म्हणजे इज्जत. ज्यांना गावाच्या मधोमध उभं राहायची मुभा नव्हती त्यांनी वर्गणी काढून बाबासाहेबांचा पुतळा उभा केला. निळा कोट, हातात पुस्तक, बोट पुढं. त्याची उंची फुटात मोजू नका आणि तिथं गमतीची भाषा आणू नका. हे शंभर टक्के मान्य. आणि आमच्याच गावाचं घ्या. मे १९३० मध्ये या गावानं काही दिवस इंग्रजांचा अंमल झुगारून दिला, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघं येरवड्यात फासावर गेले. त्यांच्या पुतळ्यांना कोणी टोपी घालावी असं कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? ज्या पुतळ्यांसमोर मान झुकवायची तिथं ती झुकवूच. म्हणून गावातल्या प्रत्येक चौकात मान झुकवायचीच जागा हवी असं कुठं ठरलंय? उलट प्रत्येक चौथरा गंभीर केला की सगळ्यांचंच गांभीर्य पातळ होतं. मग जयंतीला हार, पुण्यतिथीला हार आणि मधले तीनशे त्रेसष्ट दिवस कबुतरं. आणि गंभीर पुतळ्यांवरही या गावानं आपल्या रीतीनं प्रेम केलंच की. 'चार पुतळ्याला सोडा' असं रिक्षावाल्याला म्हणताना कोणी अपमान करत नसतं. रोजच्या येण्याजाण्यात ती चार माणसं आपण सोबत घेतलेली असतात. शिक्षकांनी हे अर्धंच मान्य केलं. "चौघांची नावं विचारा त्या रिक्षावाल्याला," म्हणाले. हा टोला मला लागला, कारण त्या दिवशी कट्ट्यावरही दोघांना चारही नावं आली नाहीत.

माझ्याविरुद्धचा सर्वांत पक्का पुरावा मात्र ब्रसेल्समध्येच आहे, आणि कट्ट्यावर कोणालाच तो माहीत नव्हता. पोराची एवढी कीर्ती बघून १९८०च्या दशकात तिथं एका बोळाच्या टोकाला मुतणारी पोरगी बसवली. आम्ही तीही बघितली. लोखंडी गजांमागं बसलेली आहे. लोक येतात, हसतात, जातात. तिचं वाईट वाटतं. कल्पना तीच, शहर तेच, स्त्री-पुरुष समानतेचा मुद्दाही सोबत, पण मोठ्याचा जीव काही तिला आला नाही. तेव्हा उद्या कोणी सोलापुरात एखादं मजेशीर कार्टं बसवून 'हे आपलं चिन्ह' म्हणून फीत कापली, तर त्याचं असंच होणार. उचललेली गंमत शिळी लागते. पोलंडच्या व्रोत्सवाफ शहरात रस्त्यारस्त्यावर बुटक्यांच्या शेकडो चिमुकल्या कांस्यमूर्ती आहेत, त्या जगल्या, कारण १९८०च्या दशकात तिथल्या पोरांनी कम्युनिस्ट सरकारची टर उडवायला भिंतींवर बुटकेच रंगवले होते. आधी लोकांनी केलेलं काहीतरी होतं, धातू नंतर आला.

मग सोलापूरकरांनी आधीच केलेलं काय आहे? हा प्रश्न विचारला की मला आमच्या वादाचं हसू येतं. संक्रांतीच्या दिवसांत हे गाव काय करतं? ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांवर मन बसलेल्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, आणि गाव अजून दरवर्षी त्या लग्नाला अक्षता टाकायला संमती कट्ट्यापाशी लोटतं. मानाचे सात नंदीध्वज, वेगवेगळ्या समाजांकडं त्यांचा मान. पांढरी बाराबंदी घातलेला एकटा माणूस तो उंच ध्वज कमरेच्या आधारानं तोलत चालतो आणि भोवतीचे श्वास रोखून चालतात. 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' झालं की अंगावर काटा येतो, माझ्यासारख्या फारसं देवळात न जाणाऱ्याच्याही. आणि यात्रेचा शेवट कशानं होतो? कप्पडकळीनं. कानडीत कप्पड म्हणजे कापड. नंदीध्वजांची वस्त्रं उतरवण्याचा विधी. ज्या गावात ध्वजाला कपडे चढवायचा आणि उतरवायचा मान असतो, त्या गावाला ब्रसेल्सचं संग्रहालय बघून आश्चर्य वाटावं? शुक्रवार पेठेतल्या गणपतीला हेच गाव 'आजोबा' म्हणतं. गणपतीला आजोबा म्हणणाऱ्यांना कोणी लाडिकपणा शिकवू नये.

हे सगळं धर्माचं झालं, चौकातल्या चिन्हाशी त्याचा काय संबंध, असं शिक्षक म्हणालेच. संबंध कौशल्याचा आहे. यात्रेला मी हात लावत नाही, तिला काही नवं चिकटवायची गरजही नाही. पण नेसवणं, तोलणं, मान वाटून घेणं, टोपणनाव देणं हे या गावाच्या हाताला माहीत आहे. आणि कापड तर आपला धंदाच. गिरण्या गेल्या, भोंगे गेले, तरी चादर आणि टॉवेल आहेत, शाळेच्या गणवेशांचा मोठा व्यवसाय आहे. वर्षाला एक पोशाख शिवायचा म्हटलं तर या गावात शिवणाऱ्यांची रांग लागेल. आणि भलतीकडं विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून विकली जाते त्यावर नुसतं चडफडण्यापेक्षा हे बरं.

मी उत्साहात एक कल्पनाही मांडली होती. पाणपोईवर कांडी भरणारी एक छोटी मुलगी, मागाशेजारी बसलेली. पूर्व भागातल्या एक बाई अधूनमधून कट्ट्यावर टेकतात. त्यांनी लहानपणी घरच्या मागासाठी खरंच कांड्या भरल्यात. त्यांनी तर्जनी पुढं केली. पेरावर सुतानं पडलेली बारीक रेघ अजून दिसते. "शाळा सुटली ती ह्याच्यापायी," म्हणाल्या. "तुम्हाला गोड वाटतंय ते. मला रोज पाणी प्यायला जाऊन ते बघायचं हाय का?" मी कल्पना तिथंच मागं घेतली. बाहेरून बघणाऱ्याला जे लोभस वाटतं ते आतल्याचं दुखणं असू शकतं, आणि हा धोका उंच पुतळ्यापेक्षा लहान, गोजिरवाण्या पुतळ्यात जास्त असतो, हे मला तोवर सुचलं नव्हतं. तेव्हा चिन्ह कशाचं, याचं उत्तर माझ्याकडं नाही. घाई करून काढलेलं उत्तर मला ऐकायचंही नाही.

या सगळ्या वादात कटिंग मास्तर महिनाभर पाणीवाल्यांच्या बाजूनं होते, तेही कडक. परवा उठताना त्यांनी माझा फोन मागून घेतला, मुत्याचा फोटो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ इकडंतिकडं सरकवत राहिले.

"मागं रेललाय," म्हणाले. "पुढची उंची जास्त घ्यावी लागणार, मागची कमी. छातीचं माप काय?"

मला माहीत नव्हतं.

"हात वाकत नाय ह्याचे. शर्ट चढायचाच नाय. बाही खालून उसवलेली ठेवून बंद लावायला पायजेत." मग फोन परत देता देता थांबले. "अरे, मग बाराबंदीच की. सगळी बंदावरच बांधायची. आणि खाली धोतर, म्हंजे पुढं फाट वेगळी ठेवायला नको."

खिशातून दुकानाची वही निघाली होती. पाणीवाले मास्तरांकडं बघत होते.